पहिला नकार

पडद्यावरची मेंदूच्या हुकमांची रेघ पाहून रेवा जगदाळेचं तोंडच उतरलं. मोटोक्रॉसची, म्हणजे चढउतारांच्या मातीवरच्या मोटरसायकल शर्यतीची, आठ वेळची राष्ट्रीय विजेती ती, आणि सरावात तिची गाडी प्रत्येक मोठ्या उडीपाशी कच खात होती! अपघातात उजव्या मनगटाची नस गेल्यापासून मूठ पिळून इंजिनाला गॅस देणं तिला जमत नव्हतं. हेल्मेटमधला 'पूर्वसंदेशक' मेंदूचा हुकूम थेट इंजिनाला पोचवायचा, हात हलायच्या पाव सेकंद आधी. तो जमला नाही, तर उद्याची शर्यत विसरायची, आणि शर्यतींचं आयुष्यही.

"यंत्र चुकतंय, डॉक्टर."

"यंत्र तुझा पहिला हुकूम पाळतंय," डॉ. उदगीरकर म्हणाले. "उडी आली की तुझा मेंदू आधी 'बंद' म्हणतो. मग तू त्याला दाबतेस आणि 'दे' म्हणतेस. पूर्वी गॅस हात द्यायचा, आणि हात पडला सावकाश. त्याच्यापर्यंत फक्त 'दे' पोचायचं."

"मी भ्यालो न्हाई कधी!" रागावली की रेवाच्या तोंडी अस्सल कोल्हापूर यायचं.

"प्रत्येक उडीला भितेस."

रेघ समोर होती, नाकारणार कशी? निडर म्हणून मिरवलेली चौदा वर्षं आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग दुसरा हुकूम घ्या की."

"त्यात पाव सेकंद जातो. मग यंत्र हवं कशाला?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पण चारशे उड्या तपासल्या. प्रत्येक 'बंद'मागून 'दे' आलंय, एकदाही चुकलेलं नाही. तेव्हा उडीच्या चढावर तुझं 'बंद' म्हणजेच 'दे', असं यंत्राला शिकवतो."

"म्हंजे मी भ्यालो की गॅस?"

"भ्यालीस की गॅस."

कित्येक महिन्यांनी रेवा खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी अशी सुटली की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. शेवटच्या फेरीत पुढे एकटी आफरीन उरली, आठ वर्षं दुसरी येणारी. सर्वांत मोठ्या उडीवर आफरीनची गाडी हवेतच वाकडी झाली आणि ती चढापलीकडे कोसळली. धोक्याचा पिवळा झेंडा हलला. उतरायच्या नेमक्या जागी ती पडली होती, आणि रेवा चढाला लागली होती.

'बंद!' रेवाचं सगळं अंग ओरडलं. या वेळी मागून 'दे' आलंच नाही. तिला खरोखरच थांबायचं होतं.

इंजिनाने पूर्ण गॅस घेतला. तिचा पाय ब्रेककडे निघाला होता. पण पायाला पाव सेकंद लागतो, आणि तोवर चाकांनी जमीन सोडली होती.