मागे बसलेल्या ताई

मानवतमध्ये सिद्धोधनची शिकवणी कापसाच्या एका जुन्या गोदामावरच्या खोलीत चालायची. सकाळ-संध्याकाळ तो पोरांना इंग्रजी शिकवायचा. दुपारी मात्र फळा पुसून खिडकीला चादर लावायचा, आणि बायको मंजुषा समोर मोबाइल धरून उभी राहायची. परदेशी सिनेमे, चित्रं, तत्त्वज्ञान, जे जे त्याला यूट्यूबवर सापडायचं ते तो साध्या मराठीत सांगायचा. चार वर्षांत त्याच्या यूट्यूब चॅनेलला अकरा हजार माणसं जोडली गेली होती.

एकदा त्यानं एक जुनं चित्र दाखवलं. कंदिलापाशी पत्र घेऊन बसलेली बाई. उजेड कसा पडलाय, रंग कसे लावलेत, एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला. रेणुका नावाची मुलगी होती, सोनपेठकडची, ऊसतोडीच्या टोळीबरोबर सांगलीकडे गेलेली. मागून मोळ्या आपटल्याचा आवाज येत होता.

“सर, ती बाई पत्र वाचत न्हाई. वाचून झालंय तिचं. आता घरी काय सांगावं ते ठरवायलीय.”

सिद्धोधननं चित्र पुन्हा उघडलं. बाईचे डोळे खरंच कागदावर नव्हते.

पुढच्या व्हिडिओत त्यानं तेच सांगितलं. रेणुकाचं नाव तो विसरला असं नाही. जिभेवर आलेलं नाव त्यानं गिळलं. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. परभणीच्या एका कार्यक्रमात त्याला शालही मिळाली.

मग ते नेहमीचंच झालं. रेणुका उसाच्या फडातून मरणाबद्दल, एकटेपणाबद्दल, देवाबद्दल बोलायची आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून तेच बोलायचा. जानेवारीत तिनं एका व्हिडिओखाली लिहिलं, “सर, हे मी म्हणले होते ना?” कुणी वाचायच्या आत त्यानं ते पुसलं आणि तिला सगळीकडून ब्लॉक केलं.

“कोण होती?” मंजुषानं विचारलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, “सर, मागे बसलेल्या ताई कोण?”

त्यानं व्हिडिओ दोनदा पाहिला. मागे फळा होता आणि रिकामा बाक. कुणीतरी थट्टा करतंय असं त्यानं धरलं. आठ दिवसांनी गंगाखेडच्या एका बाईंनी लिहिलं, “ताईंचा आवाज बारीक येतो. माइक त्यांच्याकडे सरकवा.” त्यानंतर सेलूच्या एकानं, “ताई, एकटेपणाबद्दल बोललात ते ऐकून रडू आलं.” सिद्धोधननं कानाला हेडफोन लावले. पंख्याची घरघर आणि स्वतःचा आवाज, बाकी काही नाही.

शेवटी त्यानं तो व्हिडिओ लावून मोबाइल मंजुषापुढे धरला. तिनं तो शेवटपर्यंत बघितला.

“अहो, मी मोबाइल धरते तेव्हा ही खोलीत नसते.”

“कोण?”

“हिरवं लुगडं. वरून शर्ट घातलाय, ऊस तोडायला बाया घालतात तसा.” मंजुषाचा आवाज उतरला. “ती बोलते आणि तुम्ही नुसती मान डोलावता.”

रेणुकाचा ब्लॉक काढायला त्यानं यादी उघडली. यादीत एकही नाव नव्हतं. तिचे जुने मेसेज होते, पण लावले की नुसत्या मोळ्या आपटत होत्या.

एप्रिलात टोळ्या परतल्या. सिद्धोधन एसटीनं सोनपेठला गेला, तिथून रिक्षानं तिच्या गावी. रेणुकाची आई चांगुणाबाई दाराच्या आत बसून ज्वारी पाखडत होती.

“मावशी, रेणुकाला भेटायचं होतं. माझ्या हातून चूक झालीय.”

“या की सर. ही काय, समोरच बसलीय.”

बाजेवर गोधडी होती. दुसरं काही नव्हतं.

मला ती दिसत नाही, एवढं म्हणायचीही त्याला लाज वाटली. तो खाली सतरंजीवर बसला.

“रेणुका...”

“तिकडं कुठं बघायलाव सर? उशाकडं हाय ती.”

त्यानं मान वळवली.

“ती इचारायलीय,” चांगुणाबाई म्हणाली, “तुमच्या बोलण्यातलं कोणकोणतं तिचं होतं?”

त्यानं सांगायला सुरुवात केली. कंदिलापाशची बाई. मग एकटेपणा. मग मरणाचं ते वाक्य, ज्यावर एका कार्यक्रमात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. शेजारची धुरपताबाई दारात येऊन ऐकत उभी राहिली. तरी तो थांबला नाही. पुसलेली ती ओळही त्यानं सांगितली. मंजुषाला दिलेलं ‘कुणी नाही’ हे उत्तर सांगितलं. शेवटी उशाकडं बघत हात जोडले.

“मला माफ कर. यापुढं तुझं नाव घेऊनच सांगेन.”



चांगुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

“सर, ती तर कवाच उठून गेली. तुमी कुणाला हात जोडायलाव?”

त्यानं दाराकडं पाहिलं. धुरपताबाई पदर आवरून चौकटीला चिकटून उभी होती, कुणाला तरी वाट द्यावी तशी.