वजिराला लागलेला हात

घड्याळांचे सेल आणि निकालपत्रकांचे गठ्ठे घेऊन मी चिकोडीहून निपाणीला गेलो, तेव्हा माझ्या मनात भीती वगैरे काही नव्हती. मी शाळेत गणित शिकवतो आणि सुट्ट्यांत बुद्धिबळाचा पंच असतो, तोही आंतरराष्ट्रीय दर्जाचा. आमच्या भागात अशी स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. आठ खेळाडू, त्यातले सात ग्रँडमास्टर, पाच तर परदेशातून आलेले. आणि मुख्य पंच मी, नागेंद्र मास्तर. कॉलर जरा ताठ होणारच की हो!

आठवा खेळाडू निपाणीचाच, अभिनंदन. वय एकोणीस. वर्षभर सगळीकडे खेळून त्यानं बाकी सगळं मिळवलं होतं. आता शेवटच्या, सातव्या फेरीत नुसती बरोबरी झाली तरी तो ग्रँडमास्टर होणार होता. गावानं हार-फेट्यांची तयारीसुद्धा करून ठेवली होती.

डाव रोज दुपारी तीनला एका जुन्या तंबाखूच्या वखारीत चालायचे. आयोजकांनी तिला नवा रंग दिला होता, गालिचा घातला होता, एसी बसवले होते. खिडकी मात्र एकही नव्हती, आणि भिंतीत मुरलेला तंबाखूचा वास काही जात नव्हता. परदेशी पाहुणे शिंकून बेजार.

पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत आप्पाण्णा दिसले, अभिनंदनचे वडील. मी नमस्कार केला. त्यांनी हात जोडले नाहीत. सातही दिवस ते त्याच खुर्चीत बसले, आणि मुलाच्या पटाकडे एकदाही न बघता माझ्याकडे बघत राहिले.

आता कारण सांगणं भाग आहे. चांगलं वाटावं असं ते नाही.

अकरा वर्षांपूर्वी बेळगावात मुलींची स्पर्धा होती. आप्पाण्णांची थोरली, ब्राह्मी, तेरा वर्षांची. शाळेच्या निळ्या गणवेशातच खेळायला आली होती. डाव जिंकत आली होती, आणि समोरच्या मुलीनं तक्रार केली, की हिनं वजिराला हात लावला. आमच्या खेळात हात लावला की तोच मोहरा हलवावा लागतो, आणि वजीर हलवला तर ब्राह्मी हरत होती. मी त्या वेळी दाराबाहेर फोनवर बोलत होतो. काहीही पाहिलं नव्हतं. नियम सरळ आहे: पंचानं पाहिलं नसेल आणि दुसरा पुरावा नसेल, तर तक्रार फेटाळायची. पण मी जागेवर नव्हतो हे कबूल कोण करणार? मी ठोकून दिलं, "मी बघितलंय. हात लावलास."

"न्हाय ओ सर, न्हाय लावला..."

"खोटं बोलू नकोस," मी सगळ्यांसमोर ओरडलो.

ती हरली. संध्याकाळी वडिलांच्या मोटरसायकलवरून परत जाताना तवंदी घाटात गाडी घसरली. आप्पाण्णांचा पाय मोडला, ब्राह्मी गेली. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो, तर आप्पाण्णा खाटेवरून एवढंच म्हणाले, "घाट लागस्तवर एकच म्हणत हुती सर. आप्पा, म्या हात लावला न्हाय." मी मान खाली घालून बाहेर पडलो. त्यानंतर त्या घरात पाऊल टाकलं नाही.

सातव्या फेरीला अभिनंदनसमोर सर्बियाचा द्रागान होता. आडदांड, पण सभ्य माणूस. दोघांनी हस्तांदोलन केलं, घड्याळं सुरू झाली. साडेचारच्या सुमारास पट जवळजवळ रिकामा झाला. मी पटाशेजारीच उभा होतो. चाल अभिनंदनची होती. राजा एक घर मागे घेतला की बरोबरी नक्की, आणि वजीर हलवला तर तीन-चार चालींत त्याच्यावरच मात. हे त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

तेवढ्यात वीज गेली.

बंद वखारीतला अंधार म्हणजे डोळ्यांवर कुणी घोंगडं टाकावं तसा. एसी थांबले. कुणी हललं नाही. पटाला वायरनं जोडलेला, चाली आपोआप नोंदवणारा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, त्याचा फिकट उजेड पटाच्या एका कोपऱ्यावर पडला होता. तंबाखूचा वास एकदम वाढला... इतका, की डोळ्यांत पाणी आलं. आणि माझ्या कोपराला घासून काहीतरी गेलं. थंड... ओलसर.

त्या उजेडात एक हात आला. लहान, बारीक मनगटाचा. निळी बाही. दोन बोटांनी त्यानं अभिनंदनचा वजीर उचलला, क्षणभर धरला, आणि परत ठेवला. टक्क.

अभिनंदनचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. मला ते स्वच्छ दिसत होते.

जनरेटर लागला, दिवे आले. वजीर घरात जरा तिरका उभा होता. द्रागाननं घड्याळ थांबवून मला बोलावलं. त्यानं आवाज ऐकला होता. लॅपटॉपवर तर नोंदच होती: वजीर उचलला, वजीर ठेवला. ह्यानं हात लावला, आता ह्याला वजीर हलवायला लावा, असं त्याचं म्हणणं. त्याची काहीच चूक नव्हती.

सगळी वखार माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी मी खरंच पाहिलं होतं. 'खेळाडूनं हात लावलेला नाही' एवढं म्हणायचं होतं. पण मग कुणी लावला, असं विचारलं तर? लोक म्हणतील गाववाल्याची बाजू घेतली. म्हणतील मास्तरला वेड लागलं. अकरा वर्षांपूर्वीचं सगळं उकरून निघेल. आणि शब्द आपसूक बाहेर पडले.

"मी बघितलंय. हात लावलास."

अभिनंदन माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे... रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं वजीर हलवला. चौथ्या चालीला हरला. ग्रँडमास्टर झाला नाही. बाहेर फेटेवाले आले होते, ते आल्या पावली परत गेले.

सही घेताना मी विचारलं, "अपील करणार का रे?"

"कशाला सर?" तो हळूच म्हणाला. "आक्काचा हात तुमाला दिसला न्हवं? मलाबी दिसला."

त्यानं सही करून पेन परत दिलं.

"मला हरवाय आल्ती असं समजू नगासा," तो म्हणाला. "आज तरी सर काय म्हंत्यात, ते ऐकाय आल्ती."

मी दाराकडे वळलो, तर आप्पाण्णा पाय ओढत समोर आले. सात दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला हात जोडले.

"अकरा वर्सं आमच्याच घरात हुती, सर," ते म्हणाले. "आज आमच्यासंगट यायची न्हाय. संभाळा."

ह्याला सात महिने झाले. पंचाचं काम मी सोडलं. बायको आठवडाभर कशीबशी राहिली आणि उचगावला भावाकडे गेली. घरात तसं काही होत नाही. कुणी रडत नाही, ओरडत नाही. एखादी वस्तू उचलली जाते आणि परत ठेवली जाते, बस्स. आणि मग घर गप्प होतं, कुणीतरी उत्तराची वाट बघत असल्यासारखं.

आत्ता मी बोलत होतो तेव्हा तुमच्या समोरची कपबशी उचलली गेली. तुम्हीही दचकलात, मी पाहिलं. माझे दोन्ही हात इथं, मांडीवर आहेत. तुम्ही त्या वेळी कपाकडे बघत होतात की माझ्याकडे? घाई करू नका... नीट आठवून बोला. तिनं आता तुमच्याकडे तोंड केलंय. बघितलं नसेल तर, पाया पडतो तुमच्या, बघितलं नाही म्हणा.