खाली येणारी रेषा

आमचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी आकाशात रेडिओलहर सोडतं. वरचं आयनांबर, म्हणजे हवेचा विद्युतभारित थर, ती परतवतं आणि पडद्यावर रेषा उमटते. लहर किती अंतरावरून परतली, तो आकडा शेजारी येतो. सूर्य मावळला की ती रेषा फिसकटते, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. चुंबकीय वादळ आलं तर कधी जास्तच फिसकटते, कधी अजिबात नाही. तेच टिपण्याची माझी नोकरी.

त्या दिवशी दुपारपासून वादळ होतं. सातला रेषा सरळ आली, तीनशे किलोमीटरवर.

"वादळाने इस्त्री फिरवली आज," आबा हसले. आबा आमचे जुने मेकॅनिक.

पण तिच्याखाली आणखी एक रेषा होती. बारीक, नव्वदवर.

सव्वासातला ती चाळीसवर आली. साडेसातला अकरावर. आबांनी केबल तपासल्या, अँटेनापर्यंत जाऊन आले. बिघाड सापडेना. खोलीत तापलेल्या तारेचा वास येत होता.

पावणेआठला आकडा आला तीन मीटर.

इतकं जवळचं या यंत्राला दिसूच शकत नाही. माझी खुर्ची मात्र यंत्रापासून तेवढ्याच अंतरावर होती.

"मॅडम, जरा दारापर्यंत जाता का?" आबा हळूच म्हणाले.

मी गेले. पंधरा मिनिटं न थांबता त्यांनी हाताने बटण दाबून लहर सोडली.

"सात."

मी परत येऊन बसले. तीन.

आबा खुर्चीत बसून बघू म्हणाले. ते बसले, मी दारात उभी राहिले. आकडा सातच राहिला.

मी वहीत 'यंत्रात बिघाड' असं लिहिलं आणि आठला निघाले.

घरी लेक पळत येऊन बिलगली. बराच वेळ सोडेना. मग नवरा म्हणाला, "हिला शाळेसाठी वही हवीय. घेऊन येतो." दोघं बाहेर पडली, तोच फोन वाजला.

"तुम्ही निघालात तशी रेषा लांब लांब गेली," आबा म्हणाले. "चार किलोमीटरवर थांबली. तुमचं घर केवढ्यावर?"

"चारवर."

पलीकडे बटणाचा आवाज येत राहिला.

"हलली. साडेतीन. मॅडम, परत येताय का तुम्ही?"

"नाही. मी घरातच आहे."

"तीन."

वह्यांचं दुकान ऑफिसच्याच रस्त्यावर आहे. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला.

"पोचलो दुकानापाशी," तो वैतागून म्हणाला. "तुझ्या लेकीला समजाव जरा. स्कूटरवर सारखी मला पुढे ढकलत होती. म्हणे, मागे जागाच पुरत नाही."