वळणावरची पाण्याची गाडी

डॉर्कस दगडी कुंपणावर चढून बसली आणि म्हणाली, “पाण्याची गाडी वळणावर कशाला उभी केलीय?”

तिचा धाकटा भाऊ विल्फ्रेड सँडविच खात होता. धूळ बसवायला असेल, असं त्याने घास न गिळताच सांगून टाकलं.

“धूळ बसवायची तर सकाळीच शिंपडायचं होतं. आता शर्यत सुरू होईल.”

हॅगस्टोनच्या चढावर मोटारसायकलींची शर्यत होती. एकेकाने पायथ्याहून सुटायचं आणि कमीत कमी वेळात माथा गाठायचा. साल १९१३, डर्बीशायरच्या त्या भागात मोटारसायकल दिसली की अजून गुरं बुजायची. मुलं सुट्टीला आली होती ती त्यांच्या हॅरिएट आत्याकडे, आणि आत्या शर्यतीत उतरली होती. सगळ्या पुरुषांत एकटी बाई. बायकांना मनाई करायचं क्लबच्या शहाण्यांना सुचलंच नव्हतं. मग त्यांनी तिला शेवटचा नंबर दिला, म्हणजे तोवर लोक चहाला पांगतील.

पहिला नंबर ट्रॅव्हर्ससाहेबांचा. त्यांच्याकडे तीन मोटारसायकली होत्या आणि त्या पुसायला दोन नोकर. स्वतःच्या हाताला तेलाचा डाग लागू न देता ते इंजिनावर तासभर बोलू शकत. सरावात आत्या त्यांच्यापुढे गेली, तेव्हा वारा तिच्या बाजूचा होता असं त्यांनी गावभर सांगितलं.

खानावळवाल्याची मुलगी नेल दोघांची मैत्रीण झाली होती. ती गाडीवान जेबला विचारून आली. ट्रॅव्हर्ससाहेब वर गेले रे गेले की वळण चांगलं भिजवायचं, असा त्याला हुकूम होता.

“ते गेल्यावर?” डॉर्कस कुंपणावरून खाली उतरली. “त्यांची मोटारसायकल साखळीवर चालते. बाकी सगळ्यांच्या पट्ट्यावर. पट्टा भिजला की नुसता घसरतो. आत्याने परवा दाखवलं नव्हतं? इंजिन ओरडतं आणि चाक जागचं हलत नाही.”

तिघं धावत क्लबचे अध्यक्ष कर्नल बॅगशॉ यांच्या तंबूत गेली. कर्नल केक खात होते. ट्रॅव्हर्स सभ्य गृहस्थ आहेत आणि मुलांनी आपापल्या आयांजवळ बसावं, एवढं सांगून त्यांनी दुसरा तुकडा उचलला.

“यांना सांगून काही व्हायचं नाही,” डॉर्कस बाहेर येऊन म्हणाली. “ट्रॅव्हर्ससाहेबांच्याच तोंडून वदवून घेऊ.”

नेलने जेबला निरोप दिला की तिच्या बाबांनी त्याच्यासाठी बिअर ओतून ठेवलीय. जेब घोड्याकडेही न बघता निघाला. विल्फ्रेडने गाडीवरच्या पाण्याच्या पिंपाचं बूच ओढलं. पाणी भळाभळा रस्त्याकडेच्या चरात गेलं. पिंप रिकामं झाल्यावर त्याने बूच पुन्हा नीट बसवलं.

थोड्याच वेळात ट्रॅव्हर्ससाहेब धडधडत वर गेले. टाळ्या पडल्या. ओठ पुसत परतलेल्या जेबने तोटी सोडली, तर चार थेंब पडले. मग डॉर्कस पुन्हा कर्नलांकडे गेली. गाडीवान पिऊन आलाय आणि त्याची गाडी शर्यतीच्या वाटेत येतेय, असं तिने सांगितलं. नोकरमाणसाला झापायचं म्हटल्यावर कर्नल लगेच उठले.

ते पिंपाच्या मागच्या बाजूने येत होते, तेवढ्यात वरून ट्रॅव्हर्ससाहेब पायीच धावत आले. दुसऱ्या नंबरचा गडी कोरड्या वळणावरून सुसाट गेलेला त्यांनी माथ्यावरून पाहिला होता.

“पाणी कुठाय? मी वर जाताच वळण भिजवायचं ठरलं होतं ना?”

“भिजवणारच होतो साहेब. पिंप रिकामं निघालं.”

“रिकामं? मूर्ख माणसा, आता सगळे कोरड्यावरून चढणार!”

कर्नल पिंपामागून पुढे आले. “मग त्यांनी कशावरून चढायला हवं होतं, ट्रॅव्हर्स?”

बायकांच्या टोप्यांवर धूळ बसू नये म्हणून आपण ही काळजी घेतली, असं ट्रॅव्हर्ससाहेब सांगू लागले. टोप्या तिकडे पायथ्याशी होत्या. कोणी हसलंही नाही. त्यांचं नाव शर्यतीतून काढलं, आणि चहाच्या आधी ते निघूनही गेले.

शेवटी आत्या आली. वळणावर ती मोटारसायकलच्या टाकीवर पार वाकली, पट्टा घसरला नाही, आणि ती दिसेनाशी झाली. वेळ मोजणाऱ्याने घड्याळ दोनदा कानाशी धरून हलवून पाहिलं. त्या दिवशी तिच्यापेक्षा वेगाने कोणीच चढलं नव्हतं, ट्रॅव्हर्ससाहेबसुद्धा नाहीत.

संध्याकाळच्या भाषणात कर्नलांनी आधी क्लबच्या दक्षतेचं खूप कौतुक केलं. मग त्यांना मुलं आठवली. त्यांनी विल्फ्रेडचं डोकं थोपटलं. “शाबास, पोरा. अक्कल चांगली चालवलीस.”

“अक्कल डॉर्कसची, सर,” विल्फ्रेड म्हणाला. “मी नुसतं बूच ओढलं, आणि नेलने गाडीवानाला हलवलं.”

कर्नलांनी पुन्हा विल्फ्रेडचंच डोकं थोपटलं.

आत्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते पुसायच्या भानगडीत न पडता तिने डॉर्कसचा हात हातात घेतला, मोठ्या माणसाचा घ्यावा तसा, आणि मग बाकी दोघांचा.

“मी तीन वर्षं या लोकांशी वाद घालतेय,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांना नुसतं बोलू दिलंत. हे मला कधी सुचलंच नाही.”