चिठ्ठीशिवाय आलेली वाचक

झाशीच्या सदर बाजारातल्या, जुने कागद ठेवतात त्या सरकारी दफ्तरखान्याच्या दारात पहारेकरी मुकेश भैयानं मला तिसऱ्यांदा अडवलं.

"संस्था की चिट्ठी लाओ, दीदी."

आमच्या सीपरी बाजारातल्या बुजलेल्या विहिरींचा जुना नकाशा मला बघायचा होता. टँकर आला की आमच्या गल्लीत बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. विहीर कुठं होती ते कळलं, तर उकरता येईल. पण कागद जनतेचे, आणि जनतेलाच बंदी.

"नागासारखे बसलेत मेले कागदांवर," मी मराठीत पुटपुटले.

"नाग आत बसतात. मी साधा दुभाष्या," मागून कुणीतरी म्हणालं.

वळले. चष्मा, चुरगळलेला शर्ट, हातात चहाचे दोन मातीचे कुल्हड. मराठी बोलणारा — आणि झाशीत... माझे कान तापले. रागानंच, असं मी स्वतःला सांगितलं.

"हा घ्या. साहेबांचा होता."

"आणि साहेब?"

"ते आधीच गरम आहेत."

हा नीरज. वडील रेल्वेत, हा दफ्तरखान्यात कंत्राटावर. नेपाळ, पोर्तुगाल आणि भारत मिळून अशा सरकारी अभिलेखागारांसाठी एक धोरण ठरवत होते. कागद कुणाला, कसे दाखवायचे त्याचं. त्यासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी नीरज दुभाष्या.

दोन दिवसांनी तो माझ्या शिवणाच्या दुकानात शर्ट घेऊन आला.

"बटण लावायचंय."

"सगळी शाबूत आहेत."

"मग एक तोडा ना... आणि लावा."

मी तोडलं. त्याच्या डोळ्यात बघतच तोडलं. तो हसला, आणि माझ्या सुईत दोरा काही जाईना.

मग शर्ट रोज यायला लागले. चौथ्या शर्टाला 'तुम्ही'चं 'तू' झालं. एक दिवस मात्र तो नुसताच आला.

"कांचन, पाहुण्यांना दाखवायला साहेबांना एक सामान्य वाचक हवाय. तू बस. नकाशा समोर मिळेल."

"म्हणजे नाटक."

"हो."

"लाज वाटत नाही तुम्हा लोकांना?"

"वाटते. म्हणून तुझं नाव दिलं. दुसरं कुणीही गोडच बोललं असतं."

"मी खरं बोलेन. आणि तू? तसंच इंग्रजीत सांगशील?"

तो चष्मा पुसत राहिला. त्याचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. नव्या कंत्राटावर सही साहेबांची.

शनिवारी दफ्तरखान्यात नवीकोरी खुर्ची, फुलदाणी, समोर नकाशा. पोर्तुगालच्या बाई वाकून काहीतरी म्हणाल्या. नीरजनं हिंदीत विचारलं, "यहाँ काग़ज़ आसानी से मिलता है?"

साहेब माझ्याकडे बघून गोड हसत होते.

"आज मिळाला, कारण तुम्ही आलात," मी हिंदीत सांगितलं. "याआधी तीनदा दारातून हाकललं. चिठ्ठी आण म्हणाले. शिवणकाम करणाऱ्या बाईला कुठली संस्था चिठ्ठी देणार? म्हणे कागद फाटतात. मग चिठ्ठी असली की फाटत नाहीत का?"

नीरजनं साहेबांकडे पाहिलं... मग माझ्याकडे.

बोल रे, मनात म्हटलं. नाहीतर उद्यापासून बटणं स्वतः लाव.

तो बोलला. अगदी सावकाश, एक शब्द न गाळता. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळतं. 'तीनदा' आलं, 'हाकललं' आलं. शेवटी त्यानं स्वतःचंही जोडलं — हा चिठ्ठीचा नियम आम्ही धोरणाच्या मसुद्यात लपवला आहे, तो काढायला हवा.

नेपाळच्या अधिकाऱ्यांनी मसुदा मागवला. तासभर वाद झाला. साहेब घामाघूम. शेवटी तिन्ही देशांनी मान्य केलं: ओळखपत्र पुरे, चिठ्ठी नको. सुरुवात झाशीतच.

संध्याकाळी आम्ही बाहेर पायरीवर बसलो. माझ्या मांडीवर विहिरीची जागा उतरवून घेतलेला कागद, त्याच्या चेहऱ्यावर चक्क शांतता.

"साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस."

"घाबरलास?"

"थोडा. आईला काय सांगू?"

"सांग, नोकरी गेली."

"आणि तुझ्याबद्दल?"

"माझं काय?"

"म्हणजे... मला तू... कांचन, हे मला कुठल्याच भाषेत नीट येत नाही गं."

इतक्या लोकांसमोर न अडखळलेला माणूस माझ्यासमोर घाम पुसत होता. मी त्याचा हात धरला, अगदी मुकेश भैयाच्या देखत.

"उद्या सकाळी सीपरीत ये. खणायला माणसं कमी आहेत," मी म्हटलं. "आणि आईला घेऊन ये. तिला मी सांगते."