चुन्याची निवळी

शेषगिरीराव म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. तंजावूरच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि प्रयोगशाळेत पोरांना त्यांचं एकच सांगणं असे: डोळ्यांवर विसंबू नका, नाकावर तर नकोच, परीक्षा करा. क्लोराइड आहे म्हणता? सिल्व्हर नायट्रेट घाला, पांढरा साका दिसू दे. अमोनिया वाटतो? ओला लाल लिटमस धरा, निळा होऊ दे. देवावर त्यांचा विश्वास सोमवारपुरता होता, लिटमसवर रोजचा.

१९५८च्या मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, त्यांची बायको कामाक्षी माहेराहून परतली. ओरत्तनाडूला भावाकडे म्हणून गेली आणि तिथेच तापानं अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडल्याचा निरोप आला, मग चार दिवसांनी बरी झाल्याचा. त्या मधल्या दिवसांत शेषगिरीरावांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. बायकोवर त्यांचा फार जीव होता, आणि त्यावरून गल्लीत त्यांची चेष्टाही होई.

भाऊ रघोजी तिला बसनं घेऊन आला. पेटी ओट्यावर ठेवली आणि बहिणीकडे न बघता मागे फिरला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बस चुकेल," एवढंच म्हणाला. बसला अजून तासभर होता.

शेषगिरीरावांच्या आई, हिराबाई, आरतीचं ताट घेऊन दाराशी आल्या. त्यात आजारातून उठलेलं माणूस घरात येताना ओवाळायचं ते पाणी होतं. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना कालवला की ते लालभडक होतं. ओवाळायचं आणि दाराबाहेर टाकायचं, म्हणजे दृष्ट जाते. हिराबाईंनी एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळलं. पुढच्या फेऱ्याला त्यांचा हात थांबला. ताटातलं लाल पाणी पिवळं झालं होतं.

"शेषू, हिला आत घेऊ नको."

"आई, ताटाला घासायची चिंच राहिली असेल. आंबट लागलं की लाल रंग जातो."

"ताट मीच धुतलं. मजला शिकवतोस?"

पूर्वीची कामाक्षी अशा वेळी हसून मधे पडली असती. आता ती उंबऱ्याबाहेर उभी राहून नुसती ताटाकडे बघत होती. शेषगिरीरावांनी तिचा हात धरून तिला आत घेतलं. हात गार होता. पण थंडीचे दिवस होते, कुणाचाही असता.

त्या दिवसापासून घरात वैर शिरलं. हिराबाई सुनेच्या हातचं पाणी घेईनात, आपलं वेगळं शिजवून खात. कामाक्षी अडुप्पूपुढे फुंकणी घेऊन बसे, गाल फुगवी, फुंकर घाली, पण चुलीतली राख जेमतेम हले, निखारा काही फुलत नसे. शेवटी शेषगिरीराव घासलेट ओतून लाकडं पेटवत. अशक्तपणा आहे, ते म्हणत. एकदा दूध उतू जायला लागलं. ती वाकून फुंकर घालत राहिली, साय तशीच वर चढली आणि चुलीत सांडली. तेव्हाही ते म्हणाले, अशक्तपणा.

मग हिराबाई जपाला बसल्या की ती समोर येऊन बसू लागली. अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून. डोळे हिराबाईंच्या ओठांवर.

"तुमचा श्वास किती गरम आहे, अत्ते," एकदा सासूला म्हणाली.

हिराबाईंच्या हातातली माळ गळून पडली. त्याच संध्याकाळी त्यांनी लेकाला परसात गाठलं.

"हिला ओरत्तनाडूला पोचव. नाहीतर मी कुंभकोणमला बहिणीकडे जाते, पुन्हा तोंड दाखवायची नाही. ती श्वास घेत नाही रे."

शेषगिरीराव आधी हसले, मग संतापले. मरणाच्या दारातून परत मिळालेली बायको एका म्हातारीच्या भ्रमापायी दारातून हाकलायची? जन्मात नाही.

"श्वास घेते की नाही याची परीक्षा असते, आई. रविवारी तुझ्यासमोर करतो. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

कॉलेजातली चुन्याच्या निवळीची बाटली हिराबाईंना चालेना. कुणाच्या हातची कोण जाणे. मग त्यांच्याच पानाच्या डब्यातला चुना, आपल्याच विहिरीचं पाणी. शेषगिरीरावांनी चुना ढवळला, खाली बसू दिला आणि वरची निवळी काचेच्या पेल्यांत ओतली. नळी हवी होती, ती पपईच्या पानांच्या पोकळ देठांची केली.

"श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. या निवळीत फुंकलं की पाणी दुधासारखं होतं. राजाचं होतं, भिकाऱ्याचं होतं."

हिराबाईंनी फुंकलं. पाणी गढुळलं, पांढरं झालं. शेषगिरीरावांनी फुंकलं, तेही पांढरं. पेला त्यांनी परसाच्या दारात उजेडाला धरला. समोरचा विहिरीचा रहाट त्यातून दिसेना.

"आता तू," ते म्हणाले. आवाज उगाचच मऊ झाला होता.

कामाक्षीनं देठ ओठांत धरला. बुडबुडे आले. भरपूर आले, गुडगुड वाजले. ती फुंकत राहिली, नजर नवऱ्यावर.

पाणी स्वच्छ होतं.

हिराबाई पेल्याकडे बघत होत्या, मग लेकाकडे. आयुष्यभर परीक्षेला मान देणारा हा माणूस, आणि परीक्षेनं उत्तर दिलं होतं. पण शेषगिरीरावांना एवढंच दिसत होतं की आता खरं बोललं तर कामाक्षी जाणार.

"फार वेळ फुंकलंस तू," ते घाईनं म्हणाले. "आई, जास्त फुंकलं की पांढरं झालेलं पुन्हा निवळतं. पुस्तकात आहे."

पुस्तकात होतंच. खोटं इतकंच की हे पाणी पांढरं झालंच नव्हतं.

हिराबाईंनी आपला पानाचा डबा उचलला. "तू शिकलेला. तू सांगिटलं तर खरंच असेल," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून देवळाकडे निघून गेल्या.

घरात दोघंच उरली. कामाक्षीनं पेले विसळले. चुन्याचं भांडं अजून तिथंच होतं. त्यातली ताजी निवळी तिनं अलगद एका पेल्यात ओतली.

"आधी पांढरं झालंच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत."

शेषगिरीराव विसळलेला पेला पुसत राहिले.

"बघूनही माझ्या बाजूनं बोललात." आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "म्हणजे आता तुम्ही माझ्याकडचे."

तिनं नवा देठ त्यांच्या हातात दिला.

नको म्हणावंसं वाटलं. पण सवय वाईट. परीक्षा समोर आली की ते करून बघत. त्यांनी देठ तोंडात धरला आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकलं. बुडबुडे आले.

ते थांबले. पुन्हा फुंकलं.

मग पेला उचलून परसाच्या दारात उजेडाला धरला. पेल्यातून रहाट दिसत होता, त्याच्यावर गुंडाळलेली दोरीसुद्धा.