राखेतला गूळ

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीची पहाट. भोवरगडाच्या सात बुरुजांवर अजून उजेड पोचला नव्हता आणि तटाला धडकून परतणाऱ्या लाटांचा फेस काळोखात म्हाताऱ्याच्या मिशांसारखा नुसता पांढरा हलत होता. चहूकडून समुद्राने वेढलेला हा गड दसऱ्यापासून टोपीकरांच्याही वेढ्यात होता. उत्तरेला दोन गुराबा, म्हणजे तोफांची लढाऊ जहाजे, दक्षिणेला तीन, आणि मधल्या पाण्यात त्यांच्या पहाऱ्याच्या होड्या अशा फिरत की मासा जरी गडाकडे निघाला तरी त्याने आधी मुजरा करून परवाना दाखवावा. गडावर तोफांची दारू संपत आली होती, तांदूळ त्याआधीच संपला होता, आणि गूळ नावाची वस्तू असते हे पोरे विसरू लागली होती.

अशा त्या पहाटे जोमा तांडेल, गडावरचा कोळी नावाडी, किल्लेदारांच्या सदरेवर हात जोडून उभा होता आणि त्याची नजर किल्लेदारांकडे नव्हती. ती होती कोपऱ्यात दोन पहारेकऱ्यांच्या मधे बसलेल्या आपल्या बापाकडे, पोशा तांडेलाकडे. म्हातारा सत्तरी ओलांडलेला. पण मान अशी ताठ, की पहारेकरीच त्याच्या कैदेत आहेत असे वाटावे.

"जोमा," किल्लेदार रायाजीराव म्हणाले, "हा खलिता देवखाडीला आरमाराच्या सुभेदारांच्या हाती पोचला, तर हा गड राहील. न पोचला, तर आठ दिवसांत या सदरेवर टोपीकर बसतील. तू जाणतोस."

"जाणतो, सरकार. पण बापाला का बसवलाय?"

उत्तर दिले सटवोजी सरनोबतांनी. सरनोबत म्हणजे गडाच्या फौजेचा मुख्य. माणूस घाटावरचा, छातीने रुंद आणि बोलण्याने त्याहून रुंद. कृष्णेच्या पुरात तीनदा पोहून पार झाल्याची कथा ते दर अमावास्येला सांगत आणि दर अमावास्येला नदी थोडी रुंदावत असे. चहूबाजूंनी पाणी असलेल्या या खडकावर त्यांनी आपली घोडी आणून ठेवली होती. दौडायला जागा अडीचशे पावलांची. तरी तिचा खरारा रोज आणि तिला गूळ रोज.

"का म्हणजे?" सरनोबत हसले. "कोळ्याला समुद्र मोकळा असतो. तू फितलास तर तुला धरायला कोण येणार? सरकार, माझी अर्जी इतकीच, की तिसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत मदतीची शिडे दिसली नाहीत, तर या म्हाताऱ्याचा कडेलोट व्हावा. आणि सोबत माझा विश्वासाचा माणूस जावा. भिवजी, पुढे हो."

भिवजी पुढे झाला. शिलेदार, पंचविशीचा, अंगात चिलखत, कमरेला तलवार, आणि चेहरा असा की बुधलीतले पाणी हलले तरी त्याला मळमळावे. त्याला पोहता येत नाही हे सबंध गडाला ठाऊक होते. 'विश्वासाचा माणूस' म्हणून नेमका हाच का, हे जोमाच्या मनात येऊन गेले. पण बाप समोर असताना माणूस प्रश्न विचारत नाही.

रायाजीरावांनी क्षणभर डोळे मिटले आणि होकाराची मान डोलावली. ते क्रूर नव्हते. फक्त थकले होते, आणि थकलेल्या माणसाच्या हातून क्रूर माणसाचे काम सहज उरकते.

निघताना जोमा बापाच्या पायांशी वाकला. म्हातारा पुटपुटला, "भरली तरी सोडू नको."

तांडेलांच्या घरात पोर चालू लागण्याआधी हे वाक्य ऐकते.

जोमाची होडी म्हणजे आंब्याच्या एका खोडात कोरलेली, दोन माणसे बसली की तिसऱ्याला सावलीसुद्धा टाकायला जागा नाही अशी. ओहोटी लागली तशी पाणदरवाजातून ती निसटली आणि धुक्यात शिरली. अर्धा कोस सरला. धुके विरू लागले, पूर्वेला सह्याद्रीची कडा तांबूस झाली, आणि भिवजीने पाय वर उचलले.

"तांडेल, इथं ओलं आहे."

"समुद्रात ओलंच असतं, शिलेदार."

"तसं नाही. घोट्यापर्यंत आहे."

जोमाने वळून पाहिले. होडीच्या तळाला तीन ठिकाणी पाणी झऱ्यासारखे उसळत होते. त्याने बोट घातले. बोट आत गेले, अंगठाही गेला असता. सामत्याने, सुताराच्या गिरमिटाने, पाडलेली गोल, गुळगुळीत भोके. बोट बाहेर आले ते काळे आणि चिकट. त्याने ते जिभेला लावले.

"चाखून बघ," तो म्हणाला.

भिवजीने चाखले. "खारट... आणि गोड? राखेत कालवलेला गूळ आहे हा. भोकं यानंच बुजवली होती, पाण्यात विरघळला." आणि मग त्याने बोट घाईने पाण्यात धुतले. "गडावर गूळ एकाच ठिकाणी आहे, तांडेल. घोडीच्या ठाणावर. काल सांजेला मीच ढेप फोडून दिली. धनी म्हणाले, घोडीला औषध करायचंय."

"औषध झालं," जोमा म्हणाला. "आता उठू नकोस."

कारण भिवजी उठतच होता. बुडणाऱ्याला उभे राहावेसे वाटते, ही देवाने माणसाच्या अंगात घालून ठेवलेली सर्वांत मोठी चूक. जोमाने वल्ह्याच्या दांड्याने त्याच्या गुडघ्यावर असा तडाखा दिला की तो मटकन खाली बसला.

"उभा राहिलास तर उलटेल, आणि उलटली तर तू चिलखतासकट थेट तळाला. ऐक. चिलखत उतर. तलवार टाक. नांगराचा दगड टाक."

"तलवार आजोबांची आहे."

"मग आजोबांकडे जायचंय का?"

तलवार गेली. चिलखत गेले, दगड गेला, भाकरीचे गाठोडे गेले. जोमाने पागोटे फाडून एक भोक बुजवले, लंगोटाच्या पदराने दुसरे. तिसऱ्याकडे वळेपर्यंत पाण्याच्या जोराने दोन्ही बोळे उडून गेले. करवंटीने दोघे पाणी उपसत राहिले, पण समुद्राच्या ओंजळीपुढे करवंटी ती केवढी! पाणी कमरेला आले आणि होडी काठोकाठ भरली. भिवजीने डोळे मिटून कुलदैवताला पाच बोकड कबूल केले, मग सात केले. आठव्यापाशी त्याने डोळे उघडले. होडी बुडाली नव्हती. तिचे काठ पाण्याच्या पृष्ठाशी बरोबर आले होते आणि तिथेच थांबले होते, जणू खालून कुणी मुकाट पाठ दिली होती.

"हे काय, तांडेल?"

"लाकूड आहे, शिलेदार. आंबा पाण्यात तरंगतो, भोक असो नाहीतर नसो. बुडते ती होडी नाही, होडी सोडणारा माणूस. ज्याने ही भोकं पाडली तो जमिनीवरचा. त्याला घागर ठाऊक, होडी नाही. आत बस, गळ्यापर्यंत पाण्यात. हात काठाला. ही दोरी कमरेला बांध. बोलू नको, ओरडू नको, तहान लागली तरी हे पाणी पिऊ नको. आणि किनाऱ्याकडे बघू नको."

"का?"

"जवळ दिसतो म्हणून."

आणि इथे सरनोबतांच्या कपटाचा खरा चमत्कार झाला. धड असलेली होडी पहाऱ्याने शंभर हातांवरून टिपली असती. पण आता पाण्यावर होते काय? दोन काळी डोकी. टोपीकरांच्या गुराबेवरून त्या सकाळी शेकडो माणसांनी खाली पाहिले असेल, त्यांना दिसले ते जाळ्याला बांधलेले दोन सुके भोपळे. एक टोपीकर कठड्याशी दाढी करत होता. त्याच्या वस्तऱ्यावरचे ऊन जोमाच्या डोळ्यांत चमकत होते, इतकी गुराब जवळ. त्याने वस्तरा थांबवला. टक लावून पाहू लागला.

तेवढ्यात एक पाणकावळा आला, भिवजीच्या डोक्यावर उतरला, पंख पसरून वाळवू लागला आणि पाणकावळे जे करतात ते त्याने भिवजीच्या कपाळावर निवांतपणे केले. शिलेदाराची पापणीसुद्धा हलली नाही. टोपीकर हसला आणि पुन्हा दाढीला लागला. ज्यांना हे खोटे वाटेल त्यांनी भरल्या होडीत गळ्यापर्यंत बसून पाहावे. पाणकावळा आला नाही तर मला येऊन सांगावे.

दुपारपर्यंत ओहोटीने त्यांना बाहेर ओढले, दुपारनंतर भरतीने उत्तरेला ढकलले. थंडीने भिवजीचे दात वाजू लागले तेव्हा जोमाने त्याला छातीशी धरले. दिवस मावळताना देवखाडीच्या तोंडाशी आरमाराच्या मचव्याने दोन भोपळे वर काढले आणि होडी मागे बांधून घेतली. त्यातल्या एकाच्या गळ्यात मेणाने बंद केलेली खलित्याची बांबूची नळी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आरमाराची अकरा गलबते भोवरगडासमोर उभी राहिली आणि टोपीकर चार घटका झुंजून दक्षिणेला पळाले. जोमा सर्वांआधी पाणदरवाजाच्या पायऱ्यांवर उतरला. सूर्य अजून दीड पुरुष वर होता. तो हसत होता.

किल्लेदार स्वतः पायऱ्यांवर उभे होते, पागोटे हातात घेऊन.

"सरकार, सूर्यास्त व्हायचाय," जोमा म्हणाला.

रायाजीरावांनी तटाकडे पाहिले.

"सरकार, बाप कुठाय?"

झाले होते ते असे. म्हाताऱ्या पोशाने त्या पहाटे पहाऱ्यातच बुरुजावरून होडी धुक्यात शिरताना पाहिली होती. होडीचा मागचा भाग दोन बोटे जास्त दबला होता. तांडेलाच्या डोळ्याला तेवढे पुरते. दुसऱ्या दिवशी त्याने ते सांगितले, आणि सांगितले कुणाला, तर पहाऱ्याच्या मुख्याला, सटवोजी सरनोबतांनाच. "होडीला भोक पाडलंय कुणीतरी. सरकारांच्या कानावर घाला." सरनोबतांनी मान डोलावली आणि कानावर काही घातले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजावर शिडे दिसली तेव्हा त्यांनी ओळखले की कोळी जगला. किल्लेदार दुसऱ्या टोकाच्या तोफेशी होते. सरनोबत ओरडले, ही टोपीकरांची कुमक आहे, कोळी फितला! आणि म्हाताऱ्याला तटाच्या कडेशी नेले.

पहारेकऱ्याने नंतर सांगितले, की म्हातारा खाली वाकून बघत म्हणाला, "सरनोबत, फेकायचंच तर सांजेला फेका. भरतीला इथं चार पुरुष पाणी असतं. आता नुसते खडक आहेत."

"म्हणून तर आता," सरनोबत म्हणाले.

जोमाने सगळे ऐकले. मग तटाखाली गेला आणि भरती येण्याआधी जेवढे वेचायचे होते तेवढे वेचून आणले.

सदर भरली. भिवजीने ढेप फोडल्याची साक्ष दिली. सरनोबतांच्या पेटीत टोपीकरांचे पत्र निघाले; गड पडला की किल्लेदारी सटवोजींना, असा करार.

"जोमा तांडेल," रायाजीराव म्हणाले, "तुझ्या बापाच्या कडेलोटाला मी होकार दिला होता. त्या पापाचा मी अर्धा धनी आहे, आणि माझा न्याय देव करील. याचा न्याय तू सांग. तू म्हणशील तो आम्हांस मान्य."

"माझी होडी द्या त्यांना, सरकार. भोकं आहेत तशीच. वद्य अष्टमीला पहाटे ओहोटी लागेल, मी गेलो होतो तशीच. होडीबरोबर जिवंत देवखाडीला लागले, तर त्यांना अभय द्या."

सदरेवर कुजबुज झाली. इतकी दया कुणाला अपेक्षित नव्हती. रायाजीरावांनी बेलभंडार उचलून अभयाची शपथ घेतली.

वद्य अष्टमीच्या पहाटे जोमाच्या मचव्याने होडी अर्धा कोस ओढून नेली. सटवोजी तीत बसले होते, हात मोकळे, अंगावर फक्त धोतर. पाणी घोट्याला लागले होते. जोमाने दोरी सोडली आणि एखाद्या पोराला शिकवावे तसे सावकाश सांगितले.

"सरनोबत, नीट ऐका. उभे राहू नका. ही भरेल, पण बुडणार नाही. लाकूड आहे. आत गळ्यापर्यंत बसा, काठ धरा, कमरेला दोरी बांधा. किनारा जवळ दिसेल, जाऊ नका. ओहोटी पोहू देत नाही. दिवस मावळता देवखाडीला लागाल. मी तिथं उभा आहे. माझ्या बापाची शपथ."

 सटवोजींना हसू आले, अगदी पोटातून.

"कोळ्याच्या पोरा, तुझा बाप मारला मी. आणि तू मला जगायची रीत शिकवतोस? मला काय दुधखुळा समजलास?"

"जे खरं ते सांगितलं."

"मग खोटं काय असतं रे तुमच्यात?"

मचवा दूर गेला. पाणी कमरेला आले तसे सटवोजी उभे राहिले, आणि त्यांनी कृष्णेच्या पुरात मारली असेल तशी देखणी उडी मारली. पोहणे खरोखरच उत्तम होते. त्या कथा सगळ्याच खोट्या नव्हत्या. किनारा समोर होता, माडांचे शेंडे मोजता येत होते. ते घटकाभर पोहले आणि माड तेवढेच राहिले. दुसऱ्या घटकेला माड लहान झाले. मग एक हात वर दिसला, बराच वेळ, आणि मग दिसला नाही.

मावळतीला होडी देवखाडीला लागली. काठोकाठ भरलेली, रिकामी, आज्ञाधारक.

भिवजीने तिला दोरी बांधली. "तांडेल, एक विचारू? तुम्ही एक अक्षरही खोटं सांगितलं नाहीत."

"नाही."

"त्यांनी ऐकलं असतं तर?"

जोमाने होडी कलती केली आणि तिच्यातले पाणी वाळूवर ओतू लागला. सगळे पाणी निघाले, तेव्हा तो वळला.

"मी सांगेन त्याच्या उलट ते करणार, हे ठाऊक होतं. खोटं सांगितलं असतं, तर वाचले असते."